सर्व्हर डाऊनची पोच द्या, साहेब

प्रति,
राज्याच्या ऑनलाइन सेवा आणि योजना आखणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

वर तुमची नावं घातली नाहीत, कारण ती मला माहीत नाहीत. अकरा वर्षं मी तुमची पोर्टलं उघडतेय. ‘हे पान अमक्यानं केलंय, अडलं तर त्याला विचारा’ असं कुठं लिहिलेलं अजून दिसलं नाही. तक्रारीसाठी एक नंबर असतो. तो लागलाच तर एक बाई सांगते की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सनई वाजत राहते. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. तुमच्यापर्यंत नाही पोचलं तरी रांगेतली माणसं वाचतील.

मी सांगलीत मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्याला सेवा केंद्र चालवते. दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, पावसाळ्यात कागद ओढायला कुरकुरणारा प्रिंटर आणि दाराबाहेर एक बाकडं. दाखले, पॅन, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारे, पीक विमा, लाइट बिल, रेल्वेची तिकिटं, आणि मध्येच कुणाच्या तरी पोराचा लग्नाचा बायोडेटा. बायोडेटा करताना एवढं बरं वाटतं म्हणून सांगू! त्याला सर्व्हर लागत नाही.

बाकड्यावर चार माणसं बसतात. एखादी योजना जाहीर झाली की रांग शेजारच्या बेकरीपुढून वळते. बेकरीवाले मामा कधी कुरकुरले नाहीत. दुपारी भट्टीतून खारी निघाली की रांगेतल्या म्हाताऱ्यांना दोन-दोन देतात आणि मला विचारतात, ‘‘आलं का गं तुझं सरकार?’’ सरकार म्हणजे सर्व्हर. आमच्या गल्लीत आता हे दोन्ही शब्द एकच झालेत.

आता ज्यामुळं लिहायला बसले ते सांगते.

यंदा पावसाळ्यात एक आई आणि तिची मुलगी आली. आई यार्डात हळद निवडायला जाते. हळदीच्या कामावरची बाई ओळखायला विचारावं लागत नाही. नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा, पदराचं टोक, सगळं पिवळं. मुलगी बारावी होऊन पुढं निघालेली. तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. तो जोडून एक फॉर्म भरायचा आणि त्याची मुदत संपायला आठवडा राहिलेला. पहिल्या दिवशी लॉगिन झालं आणि कागद चढवताना पांढरं पान आलं. दुसऱ्या दिवशी लॉगिनच होईना. तिसऱ्या दिवशी ‘देखभालीसाठी सेवा बंद आहे’ अशी पाटी. तिन्ही दिवस आई हजेरी बुडवून बाकड्यावर बसून. चौथ्या दिवशी अर्ज एकदाचा गेला. दाखला हातात पडला तेव्हा फॉर्मची तारीख उलटून दोन दिवस झाले होते.

मायलेकी संबंधित कचेरीत गेल्या. तिथं विचारलं, ‘‘शेवटपर्यंत थांबायचं कशाला?’’ मुलीनं सांगितलं, तीन दिवस बसून होतो. ‘‘पुरावा काय?’’ मुलगी माझ्याकडं परत आली. म्हणाली, ‘‘मावशी, आम्ही आलतो म्हणून लिहून द्या की.’’

मी केंद्राच्या लेटरहेडवर लिहून दिलं. तीन तारखा घातल्या, वेळा घातल्या, पडद्यावर काय दिसलं ते लिहिलं, सही केली, शिक्का मारला. ती चिठ्ठी घेऊन ती पुन्हा गेली आणि चिठ्ठी परत घेऊन आली. असल्या कागदाला अर्थ नाही, म्हणाले. त्या साहेबांवर माझा राग नाही. सरकारदप्तरी ती मुलगी त्या तीन दिवसांत कुठं आलेलीच नव्हती. साहेब तरी काय बघून मान्य करणार?

त्या रात्री मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर नाटकी वाटेल. जेवले, भांडी घासली, आणि मग लोकसेवा हक्काचा कायदा काढून वाचत बसले.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. माझ्या गाळ्यात भिंतीवर त्याचा फलक आहे. कायदा चांगला आहे. अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कारण नसताना अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘साहेब दौऱ्यावर गेलेत’ हे ऐकून कचेरीच्या पायरीवरून परत येण्यात माझ्या वडिलांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यांच्या वेळी हा कायदा असता तर त्यांनी तो फ्रेम करून लावला असता.

पण मेख कुठं आहे बघा. हे सगळं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर चालू होतं. अर्जाचा नंबर पडला, पोच हातात आली, की तुमचे दिवस मोजता येतात. नंबर पडलाच नाही तर मोजायचं काय, आणि अपील कशाविरुद्ध करायचं? पूर्वी खिडकी बंद असायची तेव्हा खिडकीसमोरची माणसं तरी दिसायची. चार जण साक्षीला असायचे. एखादा तापट गडी आवाज चढवायचा नि आतलं कोणीतरी बाहेर यायचं. आता खिडकी माझ्या गाळ्यात आलीय आणि तिच्यामागं कोणी नाही. माणसं माझ्यापुढं उभी राहतात, ओरडायचं तर माझ्यावर ओरडतात. तुमच्या आकड्यांत आलेले अर्ज मोजले जातात. येऊ न शकलेला अर्ज कुठल्याच रकान्यात बसत नाही.

माझी आजी वाळवा तालुक्यातली. तिच्या तरुणपणी तो तालुका सातारा जिल्ह्यात होता आणि १९४३ ते ४६ च्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करायचं. आजी सांगायची, बांधावरचं भांडण देवळात बसून मिटायचं. निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो कोणी दिला हे माहीत असायचं. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर भेटला की तोंडावर विचारता यायचं. मला काही ते दिवस परत नकोत. तेव्हाचीही भांडणं आजीनंच सांगितलीत. ‘कोणी दिला’ हे कळायचं, तेवढंच आठवतंय.

बाकीची गाऱ्हाणीही याच पत्रात लिहून टाकते. पुन्हा कधी सवड मिळेल सांगता येत नाही.

आधी अंगठा. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून एवढी वर्षं गेली, तरी कष्टाच्या हाताचं काय करायचं हे मशीनला कळलेलं नाही. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्यालाही आहे, सभांमधून त्याचं कौतुक होतं. ती हळद निवडणाऱ्या बाईचा ठसा मात्र उमटत नाही. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांचं तेच, ऊस तोडणाऱ्यांचं तेच, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवणाऱ्यांचं तर विचारूच नका. मग आमचे घरगुती उपाय सुरू होतात. ओल्या फडक्यानं बोट पुसा. नाही? कोरड्यानं पुसा. नाही? ‘‘काकी, अंगठा जरा केसांतनं फिरवा.’’ केसाच्या तेलानं कधी कधी उमटतो. दहाच्या दहा बोटं करून बघतो. मशीनचा लाल दिवा पेटतो, विझतो, पेटतो.

एक म्हातारे हमाल परवा दहाही बोटं देऊन झाल्यावर स्वतःच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, ‘‘चाळीस वर्सं ह्योच अंगठा लावून पगार घेतला की वो ताई. आन आता म्हनतंय, ह्यो मी न्हाईच?’’

पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याला आता मोबाइलवर चेहरा दाखवून चालतं. माझ्या मोबाइलवर मी करून देते, दोन मिनिटांचं काम. पेन्शनवाल्या माणसाला जी सोय आहे ती पोती उचलणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी का नाही? डोळ्याच्या बुबुळाचीही सोय आहे, पण ते मशीन किती केंद्रांत आहे ते जरा फिरून बघा.

दुसरं गाऱ्हाणं ओटीपीचं, आणि हे मला आतून खातं. बँकेत, टीव्हीवर सरकार सांगतं, मध्यंतरी तर फोनची रिंग वाजायच्या आधीसुद्धा सांगायचं, ओटीपी कोणालाही सांगू नका. बरोबरच आहे. आणि मी सकाळी साडेनऊपासून रात्री आठपर्यंत काय म्हणते? ‘‘ताई, ओटीपी आला का? सांगा.’’ ताई सांगते. तिच्या मागची सांगते. तिच्याही मागची, जिला वाचता येत नाही, ती फोनच माझ्या हातात देते. सगळ्या तालुक्याला मी रोज तेच शिकवतेय, जे करू नका म्हणून तुम्ही जाहिराती देता. पुढच्या महिन्यात त्याच ताईला कोणी ‘योजनेतून बोलतोय’ म्हणून फोन करतो, ती सवयीनं सहा आकडे सांगते आणि खातं रिकामं होतं. मग ती येते कोणाकडं? माझ्याकडंच. मी तिला काय सांगू? मला सांगायचास तो ओटीपी चांगला आणि त्याला सांगितलास तो वाईट?

याच ओटीपीचा पुढचा अंक लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार, आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. अपात्र लोक गाळायचे होते, हेतू समजतो. पण ज्या बाईला महिन्याच्या १,५०० रुपयांची सगळ्यात जास्त निकड असते, तिच्या घरात बहुतेक वेळा नवराही नसतो आणि वडीलही नसतात. कुणाचा वारलाय, कुणाचा दुसरीकडं राहतो, कुणाचं कोर्टात चाललंय. आमच्या बाकड्यावर एक बाई होती, सांगलीवाडीकडची. मी विचारलं, मालकांचा नंबर आहे का? ती सगळ्या रांगेदेखत म्हणाली, ‘‘नंबर आसता तर त्यालाच आनला नसता का मी?’’ रांग हसली. तीही हसली. मी स्क्रीनकडं बघत राहिले, तिथं रिकामा चौकोन लुकलुकत होता.

पुढं मुदत वाढली, अशा बायकांसाठी वेगळी वाट काढली, तेही मान्य. पण नवरा नसलेली बाई ही काही अचानक उगवलेली अडचण नव्हती. फॉर्म आखताना टेबलाभोवती एक अंगणवाडी सेविका बसवली असती तर तिनं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

नियम आधी, विचार नंतर, हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. याच योजनेची घोषणा २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. सुरुवातीला अधिवासाचा दाखला पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात पाऊस आणि बायका एकदमच आल्या. छत्र्यांचं पाणी गाळ्यात शिरत होतं. काही दिवसांतच निर्णय बदलला. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासालाही दुसरे पुरावे चालतील. चांगला बदल होता. पण मधल्या त्या दिवसांत ज्यांनी रोजगार बुडवून दाखले काढले त्यांचं काय? तेव्हा दाखल्याचे ३३ रुपये ६० पैसे होते. (साठ पैसे अकरा वर्षांत मला कोणी दिले नाहीत आणि मी कोणाला परत केले नाहीत. त्या दशांशाचा शोध कोणी लावला त्याला एकदा भेटायचंय. २०२५ मध्ये दर वाढले तेव्हा साठ पैसे गेले, एवढंच त्यातलं सुख.) ते पैसे मी घेतले. नियमाप्रमाणं घेतले, पावती दिली. तरी त्या पावत्यांचा गठ्ठा अजून कपाटात आहे आणि हाताला लागला की टोचतो.

फाइलच्या मापाचं थोडक्यात सांगते. एका पोर्टलवर फोटो वीस केबीच्या आत पाहिजे आणि कागद पंच्याहत्तर केबीच्या वर. म्हणजे माणसाचा चेहरा इतका बारीक करायचा की त्याच्या आईनं ओळखू नये, आणि रेशनकार्डाचं पान उगाच फुगवायचं. मग तोच अर्ज ‘फोटो अस्पष्ट’ म्हणून त्रुटीत पडतो.

त्रुटीही धड सांगत नाहीत. ‘योग्य कागदपत्रे जोडावीत.’ कोणती? ‘समथिंग वेंट राँग.’ काय राँग? मराठी राज्याचं पोर्टल आणि चूक दाखवायची वेळ आली की इंग्रजी. ज्याची चूक त्याला कळू नये अशीच योजना असावी, असा मला कधी कधी संशय येतो.

सगळंच वाईट आहे असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, हे मी रोज बघते. ज्यांनी तलाठ्याच्या मागं चकरा मारल्यात त्यांना विचारा त्या पंधरा रुपयांची किंमत. पोरांची मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळते. आणि आम्ही केंद्रवालेही धुतल्या तांदळाचे नाही. पन्नासच्या कामाचे दोनशे घेणारे आमच्यात आहेत. आपलाच नंबर दुसऱ्याच्या आधारला, खात्याला जोडून ठेवणारे होते, त्याचा निस्तार अजून चाललाय. त्यांच्यावर कारवाई करा, मी साक्ष द्यायला येते.

पण एक गोष्ट आठवून बघा. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. माझं केंद्र तेव्हा गावभागात होतं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर कॉम्प्युटरच्या डब्यात गाळ आणि प्रिंटरमध्ये एक मेलेला मासा. लाइट नाही, रेंज नाही. लोकांनी रेशनकार्डं, खरेदीखतं, पोरांचे दाखले दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले. तेव्हा पंचनामे कसे झाले? माणसं दारात आली. भिंतीवरची पाण्याची रेघ बघितली, कागदावर लिहिलं, शेजाऱ्याची सही घेतली. चुका झाल्या, वशिले झाले, भांडणंही झाली. पण काम झालं. नदीनं सगळं बुडवलं तेव्हा कागद चालला. मग तुमचा सर्व्हर बुडतो तेव्हा तो का चालू नये?

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे या कामानं जे झालंय त्याबद्दल. जिल्ह्यातल्या केंद्रवाल्यांचे माझ्या फोनमध्ये सात ग्रुप आहेत. पोर्टल दिवसा दमतं आणि रात्री धावतं, त्यामुळं पावणेदोनला मेसेज येतो, ‘चालू झालंय, लागा.’ मी उठते. स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवलाय, नवऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून दिवा लावत नाही. आदल्या दिवशीचे अडकलेले अर्ज एकेक करून चढवते. पहाटे चारला पाणी येतं, ते भरते, आणि मग झोपायचं का नाही याचा विचार करत बसते. मुलगा म्हणतो, ‘‘आई, तू अमेरिकेतल्या कंपनीत असतीस तर याला नाइट शिफ्ट म्हणाले असते आणि पैसे दिले असते.’’ ओटीपी लागणारे अर्ज मात्र रात्री होत नाहीत. रात्री दोनला कुठल्या बाईला उठवून विचारू?

दुसरीकडं दिवसभर अफवा. ‘आज रात्री बारानंतर लिंक कायमची बंद.’ ‘हे केलं नाही तर पैसे परत घेणार.’ व्हिडिओच्या वर लाल अक्षरं, बाण, रडणाऱ्या बाईचा फोटो. तुमचं खरं परिपत्रकसुद्धा येतं कसं, तर वाकडा काढलेला फोटो, निम्मी सही कापलेली, पन्नास वेळा फॉरवर्ड झालेला. खरं आणि खोटं दिसायला अगदी जुळी भावंडं. मी सकाळी दार उघडते तेव्हा वीस बायका घाबऱ्याघुबऱ्या उभ्या असतात, नि मला सांगावं लागतं की नाही हो, असं काही नाहीये. दुसऱ्या दिवशी ते खरं निघतं! मग माझ्या शब्दाची किंमत काय राहते, सांगा.

मागण्या साध्या आहेत. एकाही मागणीला नवीन कायदा लागू नये असं मला वाटतं, पण लागत असेल तर तोही करा.

पोर्टल बंद असेल तेव्हा आलेल्या माणसाला पोच द्या. आधार नंबरचे शेवटचे चार आकडे, तारीख, वेळ, कोणती सेवा मागितली, एवढं नोंदवणारं एक साधं पान वेगळ्या सर्व्हरवर ठेवा आणि त्याचा नंबर माणसाच्या हातात पडू द्या. तेही चालत नसेल तर आम्हाला छापील पावतीपुस्तक द्या, क्रमांक घातलेलं, तहसीलच्या शिक्क्याचं. ती पोच म्हणजे अर्ज आला असं धरा आणि लोकसेवा हक्काचं घड्याळ तिथून चालू करा. ही एकच मागणी मान्य केलीत तरी बाकीचं पत्र फाडून टाका.

जेवढे दिवस सेवा बंद, तेवढे दिवस मुदत आपोआप पुढं. आम्ही निवेदन द्यायचं, मग कुणी बातमी छापायची, मग शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मुदतवाढ जाहीर व्हायची, हे नको. सेवा कधी बंद होती हे तुमच्या मशीनला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

अंगठा तीन वेळा उमटला नाही तर चौथ्या वेळी दुसरा रस्ता उघडला पाहिजे. चेहरा चालू दे, बुबुळ चालू दे, नाहीतर ग्रामसेवकाची सही चालू दे. रस्ता तिथंच, त्याच दिवशी. ‘आधार अपडेट करून या’ हा रस्ता नव्हे. ते केंद्र तालुक्याला असतं आणि तिथं टोकन आठ दिवसांनी मिळतं.

बाईच्या हक्काची किल्ली दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

नवीन योजना सगळ्या राज्याला एकदम उघडण्याआधी एका तालुक्यात आठ दिवस चालवून बघा. आमच्या जिल्ह्याच्या टोकाच्या, दुष्काळी जत तालुक्यात बघा हवं तर. तिथं जे चालेल ते कुठंही चालेल.

आणि तालुक्याला एक माणूस द्या, ज्याला नाव आहे, टेबल आहे आणि ‘हे माझ्याकडून अडलंय’ असं म्हणायचा अधिकार आहे.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. तिनं या वर्षीची फी उसनवारीनं भरली. आई आता सुट्टीच्या दिवशीही यार्डात जाते. फॉर्म पुढच्या वर्षी भरू, म्हणाल्या. मुलगी जाताना मला म्हणाली, ‘‘पुढच्या खेपेला पयल्याच दिवशी येतो मावशी.’’ पहिल्या दिवशी सगळेच येतात आणि पहिल्याच दिवशी पोर्टल सर्वांत आधी झोपतं, हे मी तिला बोलले नाही.

त्या दिवसापासून मी शंभर पानी वही घातलीय. पाच रकाने: तारीख, वेळ, पडद्यावर काय आलं, माणसाचं नाव-गाव, सही किंवा अंगठा. शाईच्या पॅडवरचा अंगठा मात्र सगळ्यांचा उमटतो. हळदीवाल्यांचाही. पहिली वही संपत आलीय, बेकरीवाल्या मामांनी दुसरी आणून ठेवलीय. कुणी अधिकारी बघायला येणार असेल तर वही दाखवीन, चहा पाजीन, आणि बाकड्यावर बसवीन. तासभर बसा, तेवढं पुरे.

आज संध्याकाळची शेवटची नोंद अशी आहे: सहा वाजून दहा मिनिटं. पांढरं पान. हरिपूर. जातीचा दाखला, मुलासाठी. उद्या परत येतो म्हणाले.

कळावे,

आपली,
एक केंद्रचालक
सांगली